पेटीत बबन नव्हता

याकोब मिस्त्री पेटी परत मागायला आले तेव्हा मॅटिनीचं मध्यांतर चालू होतं आणि पेटीत आमचा बबन झोपलेला होता.

मिस्त्री लॉबीच्या दारातच थांबले. पेटीभोवती प्रेक्षकांचं कडं होतं. झाकण किरकिरलं, आतून पांढराफटक हात बाहेर आला. बायका किंचाळल्या आणि लगेच एकमेकींच्या खांद्यावर हात मारून हसायला लागल्या. बबन उठून बसला, दोन्ही हात पुढे करून त्यानं ठरलेली आरोळी ठोकली. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. घंटा झाली, लोक आत गेले. मग मिस्त्री माझ्याजवळ आले.

"मॅनेजर, पेटी लागती. पौलसदादा सकाळी गेले."

त्यांच्या मागे एक तिशीचा माणूस उभा होता. साखर कारखान्यातला फिटर, शमुवेल. पौलसदादा त्याचे वडील. तो माझ्याकडे पाहत नव्हता. पेटीतून एक पाय बाहेर काढून विडी शोधणाऱ्या बबनकडे पाहत होता.

हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, श्रीरामपूरचं. त्याआधी मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ते बंद पडल्यावर नानाशेठच्या टॉकीजवर मॅनेजर म्हणून लागलो. नानाशेठ म्हणजे टॉकीजचे मालक. मॅनेजर म्हणजे तिकीटविक्रीपासून पंख्याच्या दुरुस्तीपर्यंत जे बिघडेल त्याला जबाबदार असलेला माणूस.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. एरवी आसपासच्या खेड्यांतून गाड्या जुंपून येणारा प्रेक्षक दुष्काळी कामांवर खडी फोडत होता. नवीन चित्रपट परवडत नव्हते. मग शेठनी दहा-बारा वर्षांपूर्वीचं एक काळं-पांढरं भुताचं चित्र पुन्हा लावायचं ठरवलं. हवेली, मेणबत्ती, वादळ, पांढऱ्या साडीतली बाई आणि शेवटी शवपेटीतून उठणारा खलनायक. प्रिंट इतकी घासलेली होती की हवेलीत पाऊस नसतानाही पडद्यावर पाऊस दिसायचा. अशा चित्रानं माणूस घाबरणार नाही, हे वितरकालाही ठाऊक होतं. वितरक म्हणजे थिएटरांना चित्रपट भाड्यानं देणारी मुंबईची कंपनी. तिचा एक माणूस रिळांच्या डब्यांबरोबर गावोगाव फिरतो आणि धंदा कसा होतो ते पाहतो. त्याला रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात. आमच्याकडे आलेल्याचं आडनाव सामंत. टेरिलिनचा शर्ट, काळा चष्मा आणि बोलण्यात सदैव घाई.

सामंतांनी बॅगेतून युक्त्यांची यादीच काढली. दारात डॉक्टर आणि नर्स उभे करायचे. बाहेर रुग्णवाहिका. एकट्यानं चित्रपट पाहील त्याला बक्षीस. कमजोर हृदयाच्या लोकांना प्रवेश नाही, अशी पाटी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मुंबईत एका थिएटरात दोन माणसं रोज ठरवून बेशुद्ध पडत आणि तिसरा त्यांना खांद्यावर टाकून बाहेर नेई.

नानाशेठ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सामंत, आमच्याकडं भूत लागलं तर मानूस डॉक्टरकडं जातो का?"

"मग कुठे जातो?"

"देवऋष्याकडं."

त्याप्रमाणे डॉक्टर रद्द झाला. लॉबीत मोरपिसांचा कुंचा घेतलेला देवऋषी बसला आणि बाल्कनीच्या प्रत्येक तिकिटाबरोबर मनगटाला काळा दोरा फुकट मिळू लागला. खालच्या स्वस्त तिकिटांच्या लोकांनी तक्रार केली की भूत आम्हालाही दिसतं, दोरा का नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनाही दोरा मिळाला.

सामंतांच्या यादीतली एक गोष्ट मात्र शेठनी जशीच्या तशी उचलली. शवपेटी.

आमच्या गावात ख्रिस्ती वस्ती मोठी. याकोब मिस्त्री त्या वस्तीतले सुतार. खाटा, पाळणे, खिडक्या करत, आणि कोणी गेलं की पेटी. त्यांची एक पद्धत होती. एका पेटीला पुरेल एवढं वाळलेलं लाकूड ते कायम बाजूला ठेवत. त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावत नसत. मरण सांगून येत नाही आणि ओलं लाकूड तासलं तर फाटतं, म्हणून. सामंतांना पेटी दोन दिवसांत हवी होती. मिस्त्रींनी ते राखीव लाकूड आमच्यासाठी काढलं. त्यांना या कामाची हौसही होती. कोपऱ्यांना नक्षी केली, कड्या बसवल्या, घरच्या सगळ्यांसाठी पास घेतले. एकच अट घातली.

"पेटी भाड्यानं देतो. काम निघालं तर त्या घडीला परत. नवं लाकूड आनलंय, पन ते वाळायला महिना जाईल."

सामंत हसून म्हणाले, "मिस्त्री, आठवड्यात कोण मरतंय?"

"ते तुमीबी सांगू शकत न्हाई न् मीबी," मिस्त्री म्हणाले. त्यावर काम पक्कं झालं.

पेंटरनं झाकणावर लाल ऑइलपेंटनं चित्राचं नाव काढलं, अक्षरांखाली रक्ताचे ओघळ काढले. गुरुवारी पेटी उघड्या टांग्यावर चढली. आत झोपायला बबन. बबन आमच्याकडे पोस्टर चिकटवायचा आणि जाहिरातीच्या टांग्यापुढे हलगी वाजवायचा. त्याआधी पंधरा वर्षं तो तमाशात सोंगाड्या होता. गावात त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. तो नुसता दिसला तरी लोक हसायचे. तोंडाला पांढरा रंग फासून तो पेटीत झोपे. टांगा चौकात थांबला की सामंत स्वतः बॅटरीवरच्या कर्ण्यातून ओरडत: "बंधूंनो, ही जाहिरात नाही! पेटीत खरं प्रेत आहे! हसू नका!"

मग झाकण उघडे, बबन उडी मारून बाहेर येई आणि पोरं पळत सुटत. तिसऱ्या दिवसापर्यंत पोरांनीच मंत्र ठरवला. टांगा दिसला की सगळी एका सुरात ओरडत, "ऊठ रे, बबन!" मोठी माणसंही सामील होत. पानपट्टीवाला, सायकल दुकानवाला, रसवंतीवाला. शुक्रवारी चित्र लागलं आणि शनिवारी बऱ्याच महिन्यांनी आमच्या फाटकावर हाऊसफुलचा बोर्ड चढला. रविवारी पौलसदादा गेले.

लॉबीत सामंत पहिले बोलले. "तीनचा शो होऊ दे. मग न्या."

मिस्त्री म्हणाले, "पाचला माती द्यायचीय. पेटी तासायची, रंग काढायचा, कापड लावायचं. आताच पायजे."

"आज रविवार आहे हो. पब्लिक पेटी बघायला येतंय."

"बोली काय झाल्ती?"

मी शेठना बोलावून आणलं. त्यांनी मिस्त्रींचं ऐकलं, शमुवेलकडे एकदा पाहिलं आणि बबनला म्हणाले, "बाहेर ये रे."

बबन अजून पेटीच्या काठावर बसलेला होता. कोणी वारल्याचं त्याला तेव्हा समजलं. तो ज्या पद्धतीनं उठला ती सरावाची नव्हती. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

शमुवेल पेटीजवळ गेला. त्यानं झाकणावरच्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे जाईल का?" त्यानं मिस्त्रींना विचारलं.

"रंधा मारतो. लाल मुरलंय, डाग ऱ्हाईल. वरून काळं कापड ठोकू."

"कापडाची दुकानं आज बंद हायत."

शेठ म्हणाले, "आपल्या दारांच्या पडद्यांसाठी आनलेलं काळं कापड हाय. नवं हाय. घेऊन जा." थिएटरच्या दारांना जाड काळे पडदे असतात, उघडझाप होताना उजेड आत येऊ नये म्हणून. ते कापड गेलं आणि त्या महिन्यात आमच्या दुपारच्या खेळांना डाव्या दारातून उन्हाची रेघ पडद्यापर्यंत येत राहिली.

शमुवेल मला एवढंच म्हणाला, "मॅनेजरसाहेब, माझा बाप रेल्वेत गँगमन हुता. सारी उमर रूळ ठोकले. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. त्याला नेताना रस्त्यात कुनी हसता कामा नये. बाकी मला काई नको."

मी म्हणालो, "कापड लावल्यावर कोणी ओळखणार नाही."

माझा अंदाज चुकीचा निघाला. आकार तोच होता.

पाचच्या सुमारास वस्तीतून अंत्ययात्रा निघाली. शेठनी मला टॉकीजच्या वतीनं जायला सांगितलं होतं. पुढे क्रूस धरलेला माणूस, मग फादर, मग सहा जणांच्या खांद्यावर पेटी, मागे गीत म्हणणारी माणसं. वस्तीतल्या गल्लीत सगळं रीतीप्रमाणे झालं. लोक दारात उभे राहत, कपाळाशी हात नेऊन क्रूसाची खूण करत. पण कबरस्तान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मेनरोड ओलांडून, आमच्या टॉकीजवरून जावं लागे. दुसरा रस्ता नव्हता.

मेनरोडच्या कोपऱ्यावर पेटीचं टोक दिसलं आणि सायकल दुकानापाशी खेळणारी पोरं उठली.

"आली! आली! ऊठ रे, बबन!"

पानपट्टीवाला बाहेर आला. "अरे, आज तर लई माणसं आणली! फादरबी आणला!"

रसवंतीतून गिऱ्हाईक ग्लास घेऊन बाहेर आलं. कुणी शिट्टी मारली. कुणी फादरच्या झग्याकडे बोट दाखवून सांगितलं, कापड भाड्याचं आहे. कोपऱ्यापासून पुढे दोन्ही बाजूंना लोक ओटे धरून उभे राहायला लागले, जसे गेले तीन दिवस राहत होते. गीत म्हणणाऱ्यांचा आवाज त्या गलबल्यात बुडाला. मागच्या बायकांपैकी एक मोठ्यानं रडायला लागली, तर समोरून कौतुकानं आवाज आला, "बाई झकास रडती!"

वाहणारे थांबले. शमुवेल पुढच्या डाव्या खांद्याला होता. त्याची मान पेटीला टेकलेली, डोळे समोर.

आमचा टांगा टॉकीजसमोर उभाच होता, कर्ण्यासह. मी धावत गेलो आणि माईक हातात घेतला. मला वाटलं, सांगितलं की संपलं. मी म्हणालो, "मंडळी, ही जाहिरात नाही. ही खरी अंत्ययात्रा आहे. कृपया हसू नका."

रस्ता हास्यानं फुटला.

"आज दुसरा मानूस बोलतोय!"

"सामंतसाहेबाची सर न्हाई याला!"

मी पुन्हा सांगितलं. ते आणखी हसले. सामंतांनी तीन दिवस याच शब्दांत जाहिरात केली होती. खरं सांगायला माझ्याकडे वेगळे शब्द शिल्लक नव्हते. वर्तमानपत्रात असताना मला एक गोष्ट कळली होती, तिचा तिथे प्रत्यय आला. चूक मोठ्या टायपात छापली असेल तर खुलासा कितीही मोठ्या टायपात छापा, लोक तो त्याच चुकीचा पुढचा भाग म्हणून वाचतात.

सामंत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. हळूच म्हणाले, "साहेब, एक सांगू? याची बातमी करा. नगरच्या पेपरात तुमची ओळख आहे."

मी माईक बंद केला आणि पेटीजवळ परत गेलो. फादर हात वर करून गप्प राहायला सांगत होते, त्यालाही टाळ्या पडत होत्या. शमुवेल मान न वळवता बोलला.

"बबन कुठं हाय?"

"टॉकीजमध्ये."

"आना त्याला. त्येला भाईर बघितल्याबिगर ह्यांला पटनार न्हाई."

बबन ऑपरेटरच्या केबिनमध्ये होता. दुपारपासून तिथेच बसलेला. तोंड धुतलं होतं, पण कानांच्या मागे आणि केसांच्या कडेला पांढरा रंग राहिला होता. मी त्याला काय हवंय ते सांगितलं.

"न्हाई साहेब. मी न्हाई येनार."

"का?"

"त्या पेटीत मी झोपल्तो. आता तितं मेलेलं मानूस हाय. मला भ्या वाटतंय."

ते चित्र आमच्याकडे जेवढे दिवस चाललं, त्यात खरोखर घाबरलेला मी पाहिलेला तो एकटा माणूस.

"आनि दुसरं," तो म्हणाला, "मी दिसलो की लोक हसत्यात. धा पट हसतील. मला तोंड सरळ ठिवता येत न्हाई, साहेब. जनमभर तेच केलं."

शेठ दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "बबन, तोंड कसं का असंना. तू पेटीच्या भाईर हाईस, एवढं दिसलं की बास."

बबन उठला. जाता जाता त्यानं खुंटीवरची टोपी घेतली, घालायला म्हणून उचलली आणि मग हातातच धरली. मी ऑपरेटरला सहाच्या खेळाआधीची रेकॉर्ड लावू नको म्हणून सांगितलं. खेळ सुरू होण्याआधी टॉकीजच्या छतावरच्या कर्ण्यातून गाणी वाजत, ती गावाला घड्याळासारखी होती.

बबन टॉकीजच्या पायऱ्या उतरला आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. त्याला पाहताच जे हसू उठलं ते आधीच्या सगळ्यांहून मोठं होतं. पोरं उड्या मारायला लागली. "बबन आला! बबन आला!" तो खाली मान घालून चालत राहिला. शमुवेलच्या शेजारच्या, पुढच्या उजव्या बाजूच्या माणसानं खांदा काढला आणि बबननं तिथे आपला दिला. पेटी त्याच्या बाजूला किंचित कलली, मग सावरली. पेटी चालू लागली.

काही पावलं तसंच हसू चालू राहिलं. मग सायकल दुकानापाशी एका लहान पोरीनं आईला विचारलं. आवाज बारीक होता, पण स्वच्छ.

"आये, बबन तर भाईर हाय. मग आत कोन हाय?"

आईनं पोरीला जवळ ओढलं आणि डोक्यावरचा पदर पुढे घेतला. शेजारच्या माणसानं बबनकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, पुन्हा बबनकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. पानपट्टीवाल्यानं हात मागे नेऊन रेडिओ बंद केला. रसवंतीचा घुंगरू लावलेला चरक थांबला. हसू एकदम थांबलं नाही. पेटी जसजशी पुढे जाई तसतसं ते तिच्या आजूबाजूला विझत गेलं. लांब, चौकाच्या पलीकडे, अजून कुणी "ऊठ रे" म्हणत होतं, आणि पेटी तिथे पोचली की तोही गप्प होई. टोप्या निघाल्या. आता गीत ऐकू येत होतं.

पानपट्टीवाला दुकान तसंच सोडून मागे चालायला लागला. त्याच्यामागे आणखी काही. कबरस्तानाच्या फाटकापर्यंत पोचेतो अंत्ययात्रा निघाली तेव्हापेक्षा बरीच मोठी झाली होती. गँगमन पौलस यांना ओळखणारे त्यात फार थोडे होते.

फाटकापाशी बबन खांदा काढून बाजूला झाला. आत येत नव्हता. शमुवेलनं त्याला दंडाला धरून आत नेलं. माती देताना बबननं मूठभर माती घेतली, पण टाकायच्या आधी पेटीकडे बराच वेळ पाहिलं. मग टाकली. परतताना मी त्याला विचारलं, काय पाहत होतास.

"मिस्त्रीनं कापड ठोकलं त्यात एक खिळा वाकडा बसलाय," तो म्हणाला. "आतून टोचत असंल."

सहाचा खेळ उशिरा सुरू झाला. लॉबीत पेटीची जागा रिकामी होती. प्रेक्षक आले, त्या रिकाम्या जागेला वळसा घालून आत गेले. पेटी कुठे आहे असं कोणी विचारलं नाही. देवऋषी दोरे बांधत होता.

चित्र आठवडाभर चाललं आणि उतरलं. धंदा ठीक झाला. सामंतांनी जाण्यापूर्वी कंपनीला रिपोर्ट लिहिला आणि मला वाचून दाखवला. त्यात पेटीची युक्ती अत्यंत यशस्वी ठरल्याचं नमूद होतं आणि इतर गावांसाठी शिफारस होती. रविवारचा उल्लेख नव्हता. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "त्या कॉलममध्ये फक्त रिझल्ट लिहायचा असतो."

याकोब मिस्त्रींनी नवं लाकूड वाळेपर्यंत रोज उन्हात काढलं आणि आत ठेवलं. त्यानंतर त्यांनी पेटी कोणाला भाड्यानं दिली नाही. शमुवेल पुढे काही महिन्यांनी टॉकीजवर आला, पौराणिक चित्र होतं, बायको-मुलांसह. बबन दारावर तिकिटं फाडत होता. दोघांनी एकमेकांना हात जोडले. बबनला पाहून मुलं हसली. शमुवेलनं त्यांना अडवलं नाही.

दुसऱ्या वर्षी सामंत आणखी एक भुताचं चित्र घेऊन आले आणि पुन्हा पेटीचं बोलले. मी बबनला बोलावलं.

"पेटी बनंल," बबन म्हणाला. "झोपायला मानूस तुमी आना."

मी त्या टॉकीजवर नंतर बरीच वर्षं काढली. थिएटरला आकर्षण लागतं, यात शंका नाही. पण कोणी नवी युक्ती घेऊन आला की मी एवढंच विचारत असे: हे खोटं होतं, असं उद्या गावाला सांगायची वेळ आली तर कोण सांगणार, आणि त्याचं कोणी ऐकेल का? बहुतेक जण आपली यादी परत बॅगेत घालत. मग आम्ही पोस्टर लावून मोकळे होत असू.